चॉपर घडविली कोणी? गॅरेज, कारखाना आणि श्रेयाचा प्रश्न

१/ मोटारसायकलींच्या शौकिनांत एक वाद फार जुना आहे. कारखान्यातूनच नटूनथटून आलेल्या गाडीला 'कस्टम' म्हणावे काय? की घरामागच्या पडवीत एकाच माणसाने एकाच गाडीसाठी कापून-जोडून घडविलेली तेवढीच खरी कस्टम? माझ्या मते खऱ्या-खोट्याच्या या वादात एक महत्त्वाचा प्रश्न हरवतो, तो श्रेयाचा. इतिहासात नाव कोणाचे राहिले आणि कोणाचे पुसले गेले? #थ्रेड

२/ आरंभ अमेरिकेत. दुसऱ्या महायुद्धात हार्ले-डेव्हिडसनने सैन्यासाठी डब्ल्यूएलए नमुन्याच्या सुमारे ९०,००० मोटारसायकली बांधल्या. युद्ध संपताच त्यांतील पुष्कळशा स्वस्तात विक्रीस निघाल्या. गाड्यांची काटछाट युद्धापूर्वीही होत असे. आता परतलेल्या सैनिकांनी ती घरोघरी नेली. पुढचे मडगार्ड काढले, मागचे आखूड केले, अनावश्यक लोखंड उतरविले. हेतू शोभेचा नव्हता. वजन घटवून वेग वाढवायचा होता. हीच 'बॉबर'.

३/ साठच्या दशकात बॉबरची चॉपर झाली. फ्रेमचा गळा कापून तो अधिक तिरका जोडायचा, पुढचा फोर्क लांबवायचा, हँडल उंच चढवायचे. अशी गाडी सरळ रस्त्यावर स्थिर धावते. मात्र कमी वेगात वळविताना जड जाते. शिवाय वेल्डिंग कच्चे राहिले तर जीव जायचा तो स्वतःचाच. हा नवा आकार कोणत्याही कंपनीच्या आराखड्यातून आलेला नव्हता. तो असंख्य अनामिकांनी अशी जोखीम पत्करून सिद्ध केला.

४/ या आकाराला जगभर पोहोचविले ते १९६९ च्या 'इझी रायडर' या चित्रपटाने. पीटर फोंडाची ती अमेरिकन ध्वजाच्या रंगांतील 'कॅप्टन अमेरिका' चॉपर आजही भिंतीवरच्या चित्रांतून दिसते. ती घडविण्यात मुख्य वाटा होता लॉस एंजेलिसमधील दोन कृष्णवर्णीय कारागिरांचा: क्लिफ व्हॉन आणि बेन हार्डी. व्हॉन हे नागरी हक्कांच्या चळवळीतील कार्यकर्तेही होते. कच्चा माल म्हणजे पोलिसांच्या ताफ्यातून निघालेल्या जुन्या हार्ले.

५/ चित्रपटाच्या श्रेयनामावलीत या दोघांची नावे नाहीत. कित्येक दशके ती शौकिनांच्या छोट्या वर्तुळाबाहेर कोणास ठाऊकही नव्हती. चित्रपटासाठी चार गाड्या बांधल्या होत्या. तीन चोरीस गेल्या, एक शेवटच्या दृश्यात मोडली. २०१४ साली त्यांतलीच म्हणून एक गाडी लिलावात आली, तेव्हा तिच्यावर साडेतेरा लाख डॉलरची बोली लागली आणि ती अस्सल आहे की नाही, यावर वादही पेटला. लोखंडाच्या अस्सलपणाची एवढी चिकित्सा झाली. ते वाकविणाऱ्या हातांची विचारपूस मात्र फार उशिरा.

६/ आता कारखान्याकडे वळू. १९६९ मध्येच हार्लेची मालकी एएमएफ या कंपनीकडे गेली. संस्थापकांपैकी एकाचे नातू विली जी. डेव्हिडसन हे तेथील आरेखनप्रमुख होते. आपल्याच गाड्या ग्राहक घरी नेऊन कापतात, हे त्यांनी बारकाईने पाहिले होते. १९७१ साली त्यांनी मोठ्या इलेक्ट्रा ग्लाइडच्या फ्रेमला हलक्या स्पोर्टस्टरचा पुढचा भाग जोडला आणि 'सुपर ग्लाइड' बाजारात आणली. मोठ्या कारखान्याने पडवीतली युक्ती उघडपणे स्वीकारल्याचे हे ठळक उदाहरण.

७/ गंमत अशी, की त्या गाडीतला कारखान्याचा स्वतःचा भाग, म्हणजे नावेच्या मागील टोकासारखी फायबरग्लासची सीट, ग्राहकांना रुचला नाही. तो लवकरच गाळावा लागला. पुढे १९७७ ची 'लो रायडर' आणि १९८० ची 'वाइड ग्लाइड' यांनी गॅरेजचा आकार अधिक निष्ठेने उचलला आणि त्या चालल्या.

८/ तिसरे उदाहरण मला सर्वांत बोधप्रद वाटते. जुन्या गाड्यांच्या मागे शॉकॲब्सॉर्बर नसत, त्यामुळे फ्रेमची रेषा सलग दिसे. शौकिनांना ती रेषा हवी होती. पाठीचा कणा मात्र तक्रार करी. सेंट लुईसच्या बिल डेव्हिस या अभियंत्याने स्वतः फ्रेम बांधून तोडगा काढला: स्प्रिंगा अशा दडवायच्या, की गाडी जुनीच दिसावी. हार्लेने १९८२ मध्ये त्याच्याकडून ही रचना विकत घेतली. १९८४ ची 'सॉफ्टेल' ती हीच.

९/ यास कोणी चोरी म्हणेल. मी म्हणणार नाही. डेव्हिसला मोबदला मिळाला, नाव नोंदले गेले, आणि एकट्याला जे शेकड्यांतही बांधता आले नसते ते कारखान्याने लोकांपर्यंत नेले. घरची कल्पना आणि कारखान्याची ताकद यांचा व्यवहार उघड्यावर, कागदावर झाला, की दोघांचेही भले होते. 'इझी रायडर'च्या बाबतीत उणीव होती ती नेमकी या कागदाची.

१०/ ब्रिटनमध्येही हेच घडले. नॉर्टनची 'फेदरबेड' फ्रेम रस्त्याला चिकटून धावण्यासाठी नावाजलेली, तर ट्रायम्फचे इंजिन जोमदार. नॉर्टन आपली शर्यतीची इंजिने सुटी विकत नसे, म्हणून छोट्या शर्यती मोटारी बांधणारे लोक अख्खी नॉर्टन घेऊन इंजिन काढून घेत आणि फ्रेम मागे उरे. त्या फ्रेममध्ये ट्रायम्फचे इंजिन बसवून पोरांनी 'ट्रायटन' केली. लंडनच्या एस कॅफेसमोर उभ्या राहणाऱ्या कॅफे रेसरांची ही राणी. कोणत्याही कंपनीच्या यादीत मात्र ती नव्हती.

११/ १९६४ साली रॉयल एनफिल्डने रेडिच येथील कारखान्यातून २५० सीसीची 'कॉन्टिनेंटल जीटी' काढली. खाली झुकलेले हँडल, लांब टाकी, पाच गिअर: पोरे जे स्वतः करीत होती ते आता दुकानात तयार. रेडिचचा कारखाना पुढे बंद पडला, मद्रासचा टिकला. २०१३ मध्ये तेच नाव ५३५ सीसीच्या रूपात चेन्नईहून परत आले. तिची फ्रेम इंग्लंडच्या 'हॅरिस परफॉर्मन्स'च्या साहाय्याने विकसित झाली होती. दोन भावांनी फ्रेम बांधता बांधता उभी केलेली ही छोटी संस्था २०१५ मध्ये रॉयल एनफिल्डने विकतच घेतली.

१२/ कारखान्याची बाजूही न्यायाने मांडली पाहिजे. भरवशाचे ब्रेक, वॉरंटी, गावोगावी मिळणारे सुटे भाग, हप्त्यांची सोय हे सारे पडवीत मिळत नाही. होंडाने २००९ साली 'फ्युरी' ही चक्क चॉपर आणली. लांबलचक पुढा असूनही ती सकाळी एका बटणाने सुरू होते. घरची गाडीही सर्वस्वी घरची नसते, इंजिन बहुधा कारखान्याचेच असते. तेव्हा शुद्धतेचा अभिमान कोणीच मिरवू नये.

१३/ तथापि एक काम कारखाना करू शकत नाही. ज्याला अजून गिऱ्हाईक नाही असा आकार तो बांधत नाही. बॉबर रस्त्यावर धावू लागल्यानंतर सुमारे पंचवीस वर्षांनी सुपर ग्लाइड आली. पहिला धोका पडवीतला माणूस पत्करतो. कारखाना पायवाट मळल्यावर येतो आणि तिची सडक करतो. सडक हवीच. पण पायवाट पाडणारेच उरले नाहीत, तर पुढची सडक कोठून निघणार?

१४/ आपल्याकडे हा प्रश्न आज जिवंत आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ चा अर्थ लावताना सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले, की उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल वाहनात करता येणार नाहीत. म्हणजे हार्डींनी केले तसे फ्रेमचा गळा कापण्याचे काम आज पुण्यात किंवा कोल्हापुरात कोणी केले, तर ती गाडी आरटीओच्या लेखी बेकायदा.

१५/ कर्कश सायलेन्सर पोलिसांनी रोडरोलरखाली चिरडावेत, त्याबद्दल माझी तक्रार नाही. शेजाऱ्याची झोप हा कोणाचा छंद होऊ शकत नाही. पण सरसकट बंदीने गॅरेज थांबत नाही, ते आडोशाला जाते. ब्रिटनमध्ये एकेका गाडीची तपासणी करून तिला मंजुरी देण्याची सोय आहे. वेल्डिंग तपासा, ब्रेक तपासा, आवाज मोजा, मग क्रमांक द्या. अशी वाट आपल्याकडेही हवी, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यातून रस्ते सुरक्षित राहतील आणि बांधणाऱ्याचे नाव सरकारदरबारी नोंदले जाईल.

१६/ इतिहासाच्या अभ्यासकांनी हे का मनावर घ्यावे? कारण कारखान्याची दप्तरे राहतात, जाहिराती राहतात. हार्लेचे तर मिलवॉकीत स्वतंत्र संग्रहालय आहे. गॅरेजची वही तेलात भिजते आणि रद्दीत जाते. पुढे इतिहास लिहिणारा उरलेल्या कागदांवरच विसंबतो आणि श्रेय आपोआप कारखान्याच्या पारड्यात पडते. ही अन्यायाची फार साधी, फार जुनी रीत आहे.

१७/ म्हणून विनंती. आपल्या गावात बुलेट, राजदूत, येझदी उघडून पुन्हा उभ्या करणारे जुने मिस्त्री असतील. त्यांच्याकडे जा. त्यांनी कोणता भाग कशाचा कशाला बसविला, का बसविला, कोणत्या साली, हे त्यांच्या संमतीने त्यांच्या नावासह लिहून घ्या. जुनी छायाचित्रे असतील तर तारखेसह जपा. हार्डी आणि व्हॉन यांची नावे कळायला जगाला दशके लागली. आपल्या मिस्त्रींच्या बाबतीत तेवढा उशीर होऊ नये. (समाप्त)