अब्बांची पद्मिनी आणि पावडर कोटिंग

अब्बांच्या काळातली प्रीमियर पद्मिनी ताडपत्रीखाली जपून ठेवलेली घरे आपल्यात अजून आहेत. मुलगा कमावता झाला की ती पुन्हा रस्त्यावर आणायचे ठरते आणि गॅरेजवाला म्हणतो, "सगळे पार्ट पावडर कोटिंग करून टाका, भाई!"

सगळे नकोत. या कामात रंगाची कोरडी भुकटी विजेच्या भाराने लोखंडावर चिकटवतात आणि साधारण १८० ते २०० अंश सेल्सिअसच्या भट्टीत वितळवून थर बसवतात. थर जाड आणि चिवट होतो. ब्रॅकेट, सीटची चौकट यांना उत्तम. मात्र पत्र्यात भरलेली साधी लांबी त्या उष्णतेत टिकत नाही, म्हणून दरवाजे, बॉनेट यांना नेहमीचा स्प्रेच बरा.

चाकाच्या रिमला करता येते, पण नट बसतो तिथे थर नको. तो दबून झिजतो, नट सैल पडतो. गाडीत मुलेबाळे बसणार आहेत!

कोकणातल्यांनी आणखी जपावे. दगड लागून टवका उडाला की खारी, दमट हवा आत शिरते आणि गंज थराखाली, वरून न दिसता पसरतो. सस्पेन्शनच्या आर्मला तडा असेल तर तोही झाकला जातो. तो आधी तपासून घ्यावा. गाडी विकायची असेल तर ऐब लपवून केलेला सौदा जायज नाही, हे गॅरेजवाल्यालाही ऐकवावे.

पार्ट देताना आटे आणि बेअरिंगच्या जागा झाकायला सांगा. नाहीतर घरी आलेला चकचकीत पार्ट बसतच नाही.