मुक्काम आधी, नॉर्डकॅप नंतर

सातारा-सांगलीतल्या सहल संयोजकांकडे अलीकडे एक वेगळे गिऱ्हाईक येऊ लागले आहे. त्याला पस्तीस जणांची बस नको, झेंडा धरून पुढे चालणारा टूर मॅनेजर नको आणि पहाटेचा मॉर्निंग कॉल तर नकोच. लेह-लडाख त्याने स्वतःच्या गाडीने केलेले असते, स्पितीही झालेली असते. आता त्याला फिनलंडमध्ये गाडी भाड्याने घेऊन नॉर्वेतला नॉर्डकॅप गाठायचा आहे. 71 अंश अक्षांशाच्याही थोडे वरचे हे ठिकाण, युरोपात सलग रस्त्याने जाता येते असे सर्वांत उत्तरेचे. हे गिऱ्हाईक अभ्यास करून येते, पैसे द्यायला कुरकुरत नाही आणि फक्त एकच आग्रह धरते: ‘दिवस कमी करा, गाडी मी हाणतो.’

आमचे म्हणणे या एका वाक्यापुरते आहे. आपल्या भागातल्या माणसाला लांबचा पल्ला नवा नाही. खानापूर, आटपाडी, तासगावची गलाई व्यवसायातली कुटुंबे सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यानिमित्त देशभर पसरली आहेत. गावच्या यात्रेला किंवा दिवाळीला हजार-दीड हजार किलोमीटर आलटून पालटून गाडी चालवत विट्याला पोहोचणे हा त्यांच्याकडे पराक्रम समजला जात नाही. कोयनेकडच्या घाटातले धुके, ऊस हंगामात अंधारात अचानक समोर येणारी बिनदिव्याची ट्रॉली, महामार्गावरची उलट्या दिशेची दुचाकी, हे सगळे सांभाळून ही माणसे गाडी चालवतात. त्यांचे कौशल्य खरे आहे. पण एका दमात पल्ला मारायची सवय उत्तरेत उपयोगी पडत नाही, उलट अंगाशी येते. ती सवय मोडून कार्यक्रम आखणे हेच आता संयोजकाचे खरे काम आहे.

कारण तिथला उजेड. नॉर्डकॅपला मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत सूर्य मावळतच नाही. आपल्याकडे अंधार पडला की निदान ढाब्यावर थांबून जेवायची आठवण होते, मागच्या सीटवरून कोणीतरी ‘आता बास’ म्हणते. तिथे रात्री अकरा वाजता दुपार असल्यासारखे वाटते. रस्ता मोकळा, समोर समुद्र, गाडीत सगळे जागे. ‘आणखी शंभर किलोमीटर’ असे तीनदा म्हणून होते आणि चालवणाऱ्याच्या डोळ्यांवर झापड येते तेव्हा बाहेर लख्ख ऊन असते. अशा वेळी थांबायची आठवण आकाश करून देत नाही. ती कार्यक्रमपत्रिकेनेच करून द्यावी लागते.

म्हणून आखणी किलोमीटरवर नको, तासांवर हवी. फिनलंडमधल्या रोवानिएमीहून इनारी सव्वातीनशे किलोमीटर. इनारीहून कारास्योक, लाक्सेल्व करत होनिंग्सवॉगपर्यंत साधारण साडेतीनशे. नकाशावर हे एका दिवसाचे काम दिसते आणि आपले गिऱ्हाईक तसेच म्हणणार. पण नॉर्वेत वस्तीबाहेरची सर्वसाधारण वेगमर्यादा ताशी 80 किलोमीटर आहे, वस्तीत 50. कॅमेरे आहेत, दंड जबर आहे आणि तो गाडी भाड्याने देणाऱ्या कंपनीमार्फत महिन्याभराने सांगलीत येऊन पोहोचतो. शेवटचा ई-69 हा 129 किलोमीटरचा रस्ता फ्योर्डच्या कडेकडेने वळत जातो. होनिंग्सवॉगच्या बेटावर नेणारा 1999 सालचा बोगदा जवळजवळ सात किलोमीटरचा असून समुद्रसपाटीखाली 212 मीटरपर्यंत उतरतो. खंबाटकीचा बोगदा रोजचा असलेल्यालाही ही उतरण आणि नंतरची चढण नवी आहे.

मग दिवसाला किती तास? यासाठी नवा निकष शोधायची गरज नाही. युरोपात बस-ट्रकच्या व्यावसायिक चालकाला साडेचार तास चालवल्यावर 45 मिनिटांची विश्रांती सक्तीची आहे आणि एरवी दिवसाला नऊ तासांची मर्यादा आहे. आपल्याकडे 1961 च्या मोटार परिवहन कामगार कायद्यात दिवसाचे काम आठ तासांचे होते. या दोन्ही तरतुदी सराईत, पगारी चालकांसाठी केलेल्या. रस्त्याच्या उजव्या बाजूने पहिल्यांदाच गाडी चालवणाऱ्या हौशी माणसाला पाच तासांवर एक मिनिटही देऊ नये, असे आमचे मत आहे. दुसरा परवानाधारक चालक करारात नोंदवलेला नसेल तर चार.

पहिला दिवस तर शून्य तासांचाच हवा. आपला प्रवासी सांगलीहून पावणेचारशे किलोमीटर रात्रीचा प्रवास करून मुंबईचे विमान गाठतो, मध्ये कुठेतरी विमान बदलतो आणि उत्तरेत उतरतो तेव्हा त्याची दुसरी रात्र जाग्रणात गेलेली असते. त्या अवस्थेत त्याच्या हातात किल्ली देऊन उलट्या दिशेने फिरणाऱ्या चौकात सोडणे हा कार्यक्रम नव्हे. गाडी दुसऱ्या दिवशी नाश्त्यानंतर ताब्यात घ्यावी. एक दिवसाचे भाडेही वाचते.

रस्त्यावरच्या रेनडिअरबद्दल मात्र आपल्या माणसाला पटकन समजावता येते. माणदेशातली मेंढरे जशी कोणा ना कोणा धनगराची असतात, तसा फिनलंडमधला प्रत्येक रेनडिअर कोणाच्या तरी मालकीचा असतो आणि हॉर्नला तो मेंढराइतकाच दाद देतो. एक ओलांडला की मागून चार येणार हे धरून चालायचे. धडक बसलीच तर 112 वर कळवणे बंधनकारक आहे. मालकाला भरपाई वाहन विम्यातून मिळते, त्यामुळे न सांगता निघून जाण्यात कोणाचाच फायदा नाही.

चौकशीच्या पहिल्याच फोनवर आणखी एक गोष्ट स्पष्ट करावी. मध्यरात्रीचा सूर्य आणि नॉर्दर्न लाइट्स एका सहलीत मिळत नाहीत. ध्रुवीय प्रकाशाला अंधार लागतो, त्यामुळे त्याचा हंगाम ऑगस्टअखेरीपासून एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत. दोन्ही दाखवतो म्हणणारे माहितीपत्रक कुठे दिसले तर ते फसवे समजावे. स्वतः गाडी चालवणाऱ्यांना सप्टेंबरचा पहिला पंधरवडा सुचवावा, असे आम्हाला वाटते. रात्री पुरेशा काळ्या होतात, पानझडीचे रंग असतात आणि रस्ते बहुधा बर्फाविना असतात.

हिवाळ्याचे गणितच निराळे. नॉर्डकॅपला 20 नोव्हेंबरच्या सुमारास मावळलेला सूर्य जानेवारीच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापर्यंत उगवत नाही. शेवटच्या 13 किलोमीटरवर फाटक लावलेले असते आणि ठरलेल्या वेळी, बर्फ हटवणाऱ्या गाडीच्या मागे रांगेनेच जावे लागते. वारा वाढला तर ती रांगही रद्द होते. उत्तर नॉर्वेत 16 ऑक्टोबर ते 30 एप्रिल खिळ्यांचे टायर वापरायची परवानगी आहे, पण टायरला खिळे असले म्हणून चालवणाऱ्याला बर्फ समजतो असे नाही. बर्फावर कधीच गाडी न चालवलेल्या गिऱ्हाइकाला हिवाळ्यात स्वतः चालवायची सहल विकू नये. त्याच्यासाठी बर्गन ते किर्केनेस अशी किनाऱ्याची बोट आहे. ती होनिंग्सवॉगला थांबते आणि तिथून बसने टोकापर्यंत जाता येते.

आता कागदपत्रे. आंतरराष्ट्रीय वाहन परवाना आपापल्या आरटीओतून, म्हणजे सातारा, कऱ्हाड किंवा सांगलीतूनच मिळतो. तो जास्तीत जास्त एक वर्ष चालतो आणि मूळ परवाना सोबत नसेल तर तो निरुपयोगी आहे. शेंगेन व्हिसासाठी ज्या देशात मुख्य मुक्काम असेल त्याच देशाकडे अर्ज करायचा असतो. समजा रोवानिएमी दोन, इनारी एक आणि परतीच्या वाटेवर फिनलंडमध्ये आणखी दोन रात्री धरल्या, नॉर्वेत होनिंग्सवॉग दोन आणि आल्टा दोन, तर पाच विरुद्ध चार रात्रींनी अर्ज फिनलंडकडे. गिऱ्हाइकाने ऐन वेळी लोफोटेन वाढवायला सांगितले की पारडे नॉर्वेकडे झुकते. त्यामुळे मुक्काम गोठवल्याशिवाय अर्ज भरू नये. प्रवास विमा किमान 30,000 युरोंचा लागतो.

वरचा मार्ग आम्ही मुद्दाम वर्तुळाकार घेतला आहे. आल्टाहून कौटोकेनोमार्गे रोवानिएमीला परत आले की गाडी जिथे घेतली तिथेच सोडता येते. एका देशात घेऊन दुसऱ्या देशात सोडली तर वेगळे आणि भरभक्कम शुल्क लागते. सीमा ओलांडायची परवानगी करारात लिहून घ्यावी. क्रेडिट कार्ड मुख्य चालकाच्याच नावाचे हवे. मुलाचे कार्ड आणि वडिलांचा परवाना काउंटरवर चालत नाही. नॉर्वेत 2024 मध्ये विकल्या गेलेल्या दर दहा नव्या मोटारींपैकी जवळजवळ नऊ विजेवरच्या होत्या. तिथे गाडी घेणार असाल तर ती कोणती मिळणार हे विचारा, कारण थंडीत बॅटरीचा पल्ला घटतो. फिनलंडचे घड्याळ नॉर्वेच्या एक तास पुढे असते. फेरीबोटीची वेळ देताना कोणत्या देशाची, ते लिहा.

दारूबाबत आडवळणाने सांगू नये. आपल्याकडे मर्यादा 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमची. नॉर्वे आणि स्वीडनमध्ये ती 20 वर आहे. एक बिअरही नको, असेच सांगावे. हेडलाइट दिवसाही चालू ठेवायचे.

खाण्याची पिशवी हा आपल्या गिऱ्हाइकाचा जिव्हाळ्याचा विषय. नॉर्वेत रविवारी बहुतेक दुकाने बंद असतात, म्हणून शाकाहारी कुटुंबाची शिदोरी शनिवारीच भरलेली हवी आणि मुक्काम स्वयंपाकघर असलेल्या केबिनमध्ये हवा. युरोपीय संघाबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ स्वतःपुरतेही नेता येत नाहीत. साताऱ्याचे कंदी पेढे आणि घरचे तूप घरीच ठेवायला सांगा. भडंग, भाजणी आणि तासगावचे बेदाणे यांच्यावर नऊ दिवस उत्तम निघतात.

या सगळ्यावर एक आक्षेप येईल, तो आत्ताच घेऊ. एवढ्या अटी घातल्या तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाईल, तिथे सहा दिवसांत तोच मार्ग कमी पैशांत मिळेल. काही जण जातीलही. पण आपला धंदा ओळखीवर चालतो. कऱ्हाडच्या एका कुटुंबाची सहल बिघडली तर ती बातमी पुढच्या लग्नसराईत मिरजेपर्यंत पोहोचते आणि चांगली झाली तरी तितक्याच वेगाने. नऊ रात्रींच्या दरपत्रकासोबत प्रत्येक दिवसाचे चालवायचे तास छापून द्या. सहा दिवसांच्या दरपत्रकाशेजारी ते ठेवले की बाकीचे बोलायची गरज पडत नाही.

तेव्हा या हंगामापासून तीन गोष्टी कराराच्या कागदावरच याव्यात: उतरल्या दिवशी गाडी नाही, दिवसाला पाच तासांहून जास्त चालवणे नाही आणि नॉर्डकॅपसाठी होनिंग्सवॉगला दोन रात्री, म्हणजे एक दिवस वाऱ्या-धुक्याने खाल्ला तरी दुसरा हाताशी राहील. यातली एखादीही अट ज्याला मान्य नसेल त्याला बसची किंवा बोटीची सहल विका, गाडीची विकू नका.