३०९ धावा आणि ‘इतर’ नावाचा संघ

१/ खेळावरच्या वादात आकडा हा हुकमाचा पत्ता मानला जातो. अमक्याचे इतके गुण, तमक्याच्या इतक्या धावा, विषय संपला. इतिहासाच्या अभ्यासकाचे काम मात्र तिथून सुरू होते. गुणतक्ता हासुद्धा एक दस्तऐवज आहे. तो कोणी आखला आणि त्यात रकाने कोणते ठेवले, हे आकड्याच्या आधी पाहिले पाहिजे.

२/ ऑक्टोबर २०१९ मध्ये एनबीएचे भारतातील पहिले सामने मुंबईत, वरळीच्या एनएससीआय डोममध्ये झाले. पहिल्या सामन्यात जादा वेळेनंतर निकाल लागला: इंडियाना पेसर्स १३२, सॅक्रामेंटो किंग्ज १३१. अशा सामन्याच्या तक्त्यात प्रत्येक खेळाडूपुढे गुण, रिबाउंड, असिस्ट, स्टील, ब्लॉक असे रकाने असतात. ते पूर्वापार चालत आलेले आहेत असे वाटते, तसे नाही.

३/ २ मार्च १९६२ रोजी हर्शी येथे फिलाडेल्फिया वॉरियर्सने न्यूयॉर्क निक्सला १६९–१४७ असे हरवले. विल्ट चेंबरलेनने एकट्याने १०० गुण केले. त्याच तक्त्यात गाय रॉजर्सपुढे २० असिस्ट नोंदलेले आहेत. सहकाऱ्याला गुण मिळवून देणाऱ्या पासासाठी रकाना होता, म्हणून रॉजर्स इतिहासात उरला.

४/ चेंबरलेनने प्रतिस्पर्ध्यांचे किती फटके हवेत अडवले, याची अधिकृत संख्या मात्र कुठेही नाही. एनबीएने ब्लॉक मोजायला १९७३–७४ च्या हंगामात सुरुवात केली आणि तोवर तो एनबीएतून बाहेर पडला होता. रकाना नव्हता, म्हणून नोंद नाही. नोंद नाही, म्हणून घडलेच नाही, असे म्हणता येईल काय?

५/ आता महाराष्ट्रातला तक्ता. डिसेंबर १९४३, ब्रेबॉर्न स्टेडियम, मुंबईच्या पंचरंगी क्रिकेट स्पर्धेचा अंतिम सामना. हिंदू: ५ बाद ५८१ डाव घोषित, विजय मर्चंट नाबाद २५०. ‘द रेस्ट’, म्हणजे ‘इतर’: १३३ आणि ३८७. हिंदू संघ एक डाव आणि ६१ धावांनी विजयी.

६/ त्या ३८७ मधील ३०९ धावा सांगलीच्या विजय हजारे यांच्या. म्हणजे शेकडा जवळजवळ ८०. हा पराक्रम आजही ‘एकटा लढला’ या शब्दांत सांगितला जातो आणि इथेच तक्ता दिशाभूल करतो. सहाव्या गड्यासाठी ३०० धावांची भागीदारी झाली. दुसऱ्या टोकाला त्यांचे बंधू विवेक हजारे होते. त्यांच्या नावापुढे २१ हा आकडा आहे.

७/ बास्केटबॉलने रॉजर्ससाठी रकाना ठेवला होता. टोक सांभाळून दुसऱ्याला खेळू देणाऱ्या फलंदाजासाठी क्रिकेटच्या धावफलकात रकाना नाही. विवेक यांचे मोठे योगदान २१ या संख्येत मावत नाही. ते फक्त ‘भागीदारी ३००’ या तळटीपेत सापडते. तळटीपा वाचणे हा अभ्यासकाचा धर्म आहे.

८/ पण सर्वांत दुर्लक्षित नोंद धावफलकाच्या माथ्यावर आहे: संघाचे नाव. १९०७ मध्ये युरोपियन, पारशी आणि हिंदू अशी तिरंगी स्पर्धा होती. १९१२ मध्ये मुस्लिम संघ आल्याने ती चौरंगी झाली. १९३७ मध्ये पाचवा संघ आला. ख्रिस्ती, ज्यू, बौद्ध अशा उरलेल्यांची मोट बांधली आणि नाव दिले ‘इतर’.

९/ या शब्दाचा अर्थ पापडीत उभे राहिले की कळतो. वसई धर्मप्रांताचे कॅथेड्रल इथे आहे. वसईच्या ख्रिस्ती समाजाची सामवेदी आणि वाडवळी बोली मराठीच्या कुळातली, शेतीवाडी याच मातीतली. पंचरंगी स्पर्धेच्या काळी इथला एखादा ख्रिस्ती तरुण तिथवर पोहोचला असता, तर त्याची जागा ‘इतर’ संघात होती. त्याच्या शेजारचा हिंदू तरुण त्याच्या विरुद्ध उभा राहिला असता.

१०/ ‘ती केवळ व्यवस्थापनाची सोय होती, खेळाडूंत वैर नव्हते,’ असा बचाव केला जातो. त्यात तथ्य आहे. मैदानावर मैत्री होती. तरीही सोयीसाठी पाडलेले कप्पे सोयीपुरते राहत नाहीत. १९४० मध्ये गांधीजींनी या धर्मवार संघांविषयी जाहीर नापसंती व्यक्त केली होती. स्पर्धा मात्र १९४६ च्या आरंभापर्यंत चालली.

११/ पर्याय समोरच होता. रणजी करंडकात १९३४ पासून संघ प्रांतांचे आणि संस्थानांचे होते. मार्च १९४७, बडोदे, अंतिम सामना, बडोदे विरुद्ध होळकर. चौथ्या गड्यासाठी विजय हजारे आणि गुल महंमद यांनी ५७७ धावा जोडल्या. हजारे २८८, गुल महंमद ३१९.

१२/ पंचरंगी स्पर्धेच्या तक्त्यात हे दोघे एका संघात येऊच शकले नसते. इथे दोघांच्या माथ्यावर एकच नाव होते: बडोदे. फाळणी अवघ्या पाच महिन्यांवर आली होती. पुढे गुल महंमद पाकिस्तानकडूनही एक कसोटी खेळले.

१३/ म्हणून ३०९ या आकड्याचा नुसता जयजयकार पुरेसा नाही. तो आकडा खराच आहे. त्याच्या माथ्यावरचे ‘इतर’ हे नाव मात्र कोणीतरी ठरवलेले आहे. जनगणना असो, जमीन-महसुलाची नोंद असो वा धावफलक, माणसांना ‘इतर’ या रकान्यात ढकलणारा दस्तऐवज समोर आला, की पहिला प्रश्न हाच: रकाने आखणाऱ्याने स्वतःसाठी कोणते नाव राखून ठेवले होते?