तुलना होणारच, फरकाचे कारण सांगा

दुसऱ्याचा पगार कळला की माणूस नाराज होतो, म्हणून पगार झाकून ठेवावेत, असे कारखान्यांच्या व्यवस्थापनात अनेकजण मानतात. त्यांच्या बाजूने पुरावाही आहे. डेव्हिड कार्ड आणि सहकाऱ्यांनी कॅलिफोर्निया विद्यापीठातील कर्मचाऱ्यांचा केलेला अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. सहकाऱ्यांचे पगार कुठे पाहता येतात हे कळल्यावर कमी पगाराचे लोक नाराज झाले, दुसरी नोकरी शोधण्याचा विचार करू लागले. जास्त पगार घेणाऱ्यांचे समाधान मात्र वाढले नाही.

पुरावा खरा, पण त्यावरून काढलेला उपाय चुकीचा आहे.

चाकणच्या औद्योगिक पट्ट्यातल्या महाळुंग्यात पगार झाकणार तरी कसा? इथे एकाच लाइनवर कायम कामगार, कंत्राटी आणि ट्रेनी शेजारी उभे असतात. शिफ्ट सुटली की चहा एकत्र घेतात, खोल्याही आसपासच्या गावांतच. कोणाच्या हातात किती पडतात, हे लपत नाही. लपते ते फरकाचे कारण, आणि खरी ठिणगी तिथे पडते.

ओडिशातल्या ३७८ कामगारांवरचा एमिली ब्रेझा, सुप्रीत कौर आणि योगिता शामदासानी यांचा प्रयोग (२०१८) नेमके हेच दाखवतो. सोबत्याला जास्त मजुरी का, हे कामावरून दिसत नव्हते, तिथे कमी मजुरीवाल्यांचे उत्पादन घटले आणि हजेरी १८ टक्के बिंदूंनी खाली आली. सोबती जास्त काम करतो हे डोळ्यांना दिसत होते, तिथे तोच फरक कोणाला खुपला नाही. म्हणजे कामगाराला फरक नको असे नाही, त्याला अकारण फरक नको आहे. याला मत्सर म्हणणे हा त्याच्यावर अन्याय आहे.

महाळुंग्यातल्याच बजाज ऑटोच्या कारखान्यात २०१३ साली ५० दिवसांचा संप झाला. एक रुपया दराने प्रत्येकी ५०० शेअर द्या, ही संघटनेची गाजलेली मागणी होती. ती मान्य न होताच संप मागे घेतला गेला. मागणी व्यवहार्य होती का, यावर वाद होऊ शकतो. पण त्यातली तुलना शेजारच्या कामगाराशी नव्हतीच, ती कंपनीच्या वाढीत मिळणाऱ्या वाट्याशी होती. पगार गुप्त ठेवून ती कशी थांबणार?

कंत्राटी कामगाराला तर तुलनेचा आधार कायद्यानेच दिला. मूळ मालकाचे कामगार करतात तेच किंवा तशाच प्रकारचे काम ठेकेदाराचा कामगार करत असेल, तर वेतनही तेच, अशी अट कंत्राटी कामगारांविषयीच्या १९७१च्या केंद्रीय नियमांत होती. तुलना केल्याशिवाय हा हक्क मागणार कसा?

म्हणून कारखान्यांनी प्रत्येक कामाची वेतनश्रेणी, अनुभव आणि कौशल्याचे टप्पे सूचनाफलकावर लावावेत. ज्या फरकाचे कारण तिथे लिहिता येणार नाही, तो फरक पुढच्या करारात काढून टाकावा.