विटांचा खेळ

मुलांच्या हातांतील खेळण्यांविषयीं आम्हां शिक्षकांचें मत बहुधा ठरलेलें असतें: जप्त करावें. आमच्या शालेय वयांत, म्हणजे १९९० नंतरच्या दशकांत, वर्सोव्यास ‘ब्रिक गेम’ नांवाची करड्या पडद्याची एक डबी मुलांच्या हातीं आली. पावसाळ्यांत होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या, मोठी मंडळी जाळीं शिवीत बसलेली, आणि आम्ही त्या डबींत डोकें खुपसून! एकदां वर्गांत ती काढून घेण्यांत आली. वर्षअखेरीस परत मिळाली, तेव्हां आंत सेल फुटून गंजली होती. आज तशाच एका टेबलाच्या खणाची किल्ली आमच्यापाशीं आहे, म्हणून हें लिहावेंसें वाटतें.

त्या खेळाचें मूळ ‘टेट्रिस’. १९८४ सालीं मॉस्को येथें सोव्हिएट विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रांत अलेक्सेइ पाजितनोव्ह यांनीं तो रचिला. १९८९ सालीं जपानच्या निन्टेन्डो कंपनीनें ‘गेम बॉय’ या हातांत मावणाऱ्या यंत्रावर आणिला व तो जगभर पसरला. चार चार चौकोनांच्या सात आकृति. त्या वरून पडतात, फिरवून सरकवून ओळ भरावी, कीं ती नाहींशी होते. बोटीच्या खणांत बर्फ व मासळी यांचे थर रचणाऱ्यास हें शास्त्र निराळें शिकवावें लागत नाहीं. मौज अशी, कीं नीट रचलेलें नाहींसें होतें आणि चुकलेलें तेवढें दिसत राहतें. वह्या तपासणाऱ्या आम्हांस हें फार ओळखीचें आहे! शिवाय, दोन नागमोडी आकृति आलटून पालटून येत राहिल्या, तर कितीही कुशल खेळाडू अखेर हरतोच, असें १९९७ सालीं गणितानें सिद्ध केलें आहे.

वेळ दवडतो हें खरें. पण तो पत्त्यांतही दवडतो. आमचा खरा आक्षेप फोनवरील याच जातीच्या खेळांस आहे. २०१२ सालीं निघालेल्या ‘कँडी क्रश सागा’ मध्यें एकसारख्या गोळ्या जुळवावयाच्या. प्राण संपले कीं वाट पाहावी, अथवा पैसे मोजून नवे घ्यावे. जुन्या डबींत हार अशी विकत चुकवितां येत नसे. ढीग माथ्यास टेकला कीं संपलें. धनिकाच्या मुलाचें व खलाशाच्या मुलाचें सारखेंच.

गेल्या सत्रांत एका विद्यार्थ्यापाशीं तसलीच जुनी डबी सांपडली. ती आम्हीं घेतली खरी. पण आधीं सेल काढून ठेविले, आणि शाळा सुटतांच परत दिली. दुसऱ्याचा फोन मात्र पालक आल्याविना दिला नाहीं. हा पक्षपात आहे असें कोणी म्हटल्यास आम्ही तो कबूल करितों.