दहा शेअर आणि एक खुर्ची

'द सॉलिड गोल्ड कॅडिलॅक' हा १९५६ सालचा अमेरिकन पिक्चर. दिग्दर्शक रिचर्ड क्वाइन. याला हलकीफुलकी प्रेमकथा म्हणतात. म्हणू द्या. मला त्यात प्रेमापेक्षा खुर्ची जास्त दिसली.

लॉरा पार्ट्रिज नावाची बाई. काम ज्युडी हॉलिडेचं. एका अवाढव्य कंपनीचे हिच्याकडं फक्त दहा शेअर. भागधारकांच्या सभेत ती उठते आणि विचारते, चेअरमनसाहेबांना एवढा पगार कशाबद्दल? ते नेमकं काम काय करतात? च्यायला, इतका साधा प्रश्न! पण संचालकांच्या तोंडचं पाणी पळतं.

मग हे शेठलोक काय करतात? तिला हाकलत नाहीत. नोकरी देतात. केबिन, टेबल, सेक्रेटरी, आणि लहान भागधारकांशी संबंध ठेवायचा हुद्दा. काम मात्र शून्य. बाई केबिनमध्ये बसली की सभेत उठणार नाही, एवढाच हिशेब.

दोस्तहो, हा डाव आपल्या ओळखीचा आहे. आपल्याकडं याला समितीवर घेणं म्हणतात, महामंडळ देणं म्हणतात. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, १९७४ मध्ये फुटली. त्यानंतर प्रश्न विचारणारे किती जण कुणाकुणाच्या केबिनमध्ये जाऊन बसले, ते मी सांगायला नको. नावं तुम्हाला पाठ आहेत.

लॉरा खुर्ची घेते. लाथाडत नाही, हुतात्मा होत नाही. घेते आणि पत्रं लिहायला बसते. ज्यांना कंपनी हिंग लावूनही विचारत नव्हती, त्या किरकोळ भागधारकांना ती पत्रं लिहिते, त्यांची सुखदुःखं विचारते. त्या पत्रव्यवहारातूनच तिला कळतं की, आपल्याच मालकीची घड्याळांची कंपनी या संचालकांनी बुडवलीय. असले हुशार! शेवटी हीच साधी माणसं आपली मतं तिच्या नावावर पाठवतात आणि अख्खं संचालक मंडळ उडतं. आपल्याकडं उलटं. खुर्ची मिळाली की वस्तीत जाणारं टपाल आधी बंद होतं, मग फोन, मग ओळख.

इथपर्यंत पिक्चर माझा. पुढं तो मालकाचा होतो.

कंपनीचा संस्थापक मॅककीव्हर शेअर विकून वॉशिंग्टनला सरकारी कामावर गेलेला. संचालकांना त्याच्याकडून कंत्राटं पाहिजेत, तो देत नाही. ही गोष्ट हवेतून आलेली नाही. १९५३ साली जनरल मोटर्सचा अध्यक्ष चार्ल्स विल्सन आयझेनहॉवरच्या सरकारात संरक्षणमंत्री झाला, तेव्हा त्यालाही कंपनीचे शेअर विकायला लागले होते. कॉफमन आणि टाइकमनचं मूळ नाटक त्याच वर्षी ब्रॉडवेवर आलं. पण पिक्चरचा निकाल काय? मालक सज्जन, कारभारी चोर. चोर गेले, मालक परत आला, लॉराशी लग्न, सोन्याची गाडी, आणि तोवर काळापांढरा असलेला पिक्चर एकदम रंगीत. मायला, खातं बंद!

घड्याळं बनवणारे कामगार त्या सभेत कुठं होते? नव्हते. शेअर नाही तर मत नाही. दहा हजार शेअरवाला तिथं एकटाच दहा हजारांएवढा मोजला जातो. बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीत बजावलं होतं की राजकारणात एक माणूस एक मूल्य आणि आर्थिक-सामाजिक जीवनात ते नाकारलेलं, ही विसंगती लोकशाहीला उडवून लावेल. कंपनीच्या सभेत विसंगतीसुद्धा नाही. तिथं नियमच उघड उघड पैशाचा. लॉरा जिंकली ती त्यांच्याच नियमानं, नियम तसाच राहिला. आणि ज्या १९५६ मध्ये हा पिक्चर आला, त्याच वर्षी माँटगोमेरीत काळी माणसं बसवर बहिष्कार टाकून पायी कामाला जात होती. त्यांना या गोष्टीत जागा नाही.

तरी ज्युडी हॉलिडेबद्दल मला आदर आहे. १९५२ साली कम्युनिस्ट हुडकणाऱ्या सिनेटच्या समितीनं तिला बोलावलं. तिनं पडद्यावरची बावळट बाई तिथंही उभी केली, साहेबांना गोल गोल फिरवलं आणि एकाही साथीदाराचं नाव दिलं नाही. यावर पिक्चर निघायला पाहिजे होता.

मिळाला तर जरूर बघा. गाडी आली की उठलात तरी चालेल.