इंग्रजी आणि गावचे ग्रंथालय

डॉ. लोहियांनी इंग्रजीवर हल्ला चढविला तो ती मूठभरांच्या सत्तेचे साधन बनली होती म्हणून. ही मक्तेदारी ग्रंथालयातूनही मोडता येईल. महाराष्ट्रात मराठी शाळांत २००० साली पहिलीपासून इंग्रजी आले. संपन्नांची मुले शिकवणीला गेली, शेतमजुराच्या मुलीला फार तर गावचे ग्रंथालय उरले. तेथे कोश असलाच तर कपाटात कुलूपबंद! राज्याच्या १९६७ च्या ग्रंथालय कायद्यात ग्रंथालय-कर नाही (मद्रासच्या १९४८ च्या कायद्यात तो होता). सारी भिस्त अनुदानावर आणि वाचकांच्या वर्गणीवर. तेव्हा सोपी, पायरीपायरीने चढणारी इंग्रजी पुस्तके व इंग्रजी-मराठी कोश अनुदानाच्या अटींतच घालावेत, ते घरी न्यावयास मिळावेत, शिकणाऱ्यास अनामत माफ असावी. कार्यकर्त्यांनी ग्रंथालयाचे सभासद होऊन वार्षिक सभेत हा आग्रह धरावा.